जिवंत प्राण्यांचा बाजार, रोगराई आणि व्यापाराचा दबाव

उपासकाने कोणते व्यापार करू नयेत, हे तथागत भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्तात सांगितले आहे. शस्त्रांचा, जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा असे ते पाच व्यापार होत. यांतील ‘सत्त वणिज्जा’ म्हणजे जीवांचा व्यापार. अट्ठकथेने त्याचा अर्थ माणसांची खरेदी-विक्री असा घेतला असून, विक्रीसाठी प्राणी पाळण्याचा समावेश मांसाच्या व्यापारात केला आहे. अर्थ कसाही लावला, तरी या पाचही व्यापारांत एक समान सूत्र दिसते. त्यांत नफा एकाच्या गाठी जातो आणि अपाय मात्र भलत्याच्याच वाट्याला येतो. सम्यक आजीविकेचा विचार करताना हे सूत्र ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

गेल्या तीस वर्षांत जगाने जे साथीचे रोग पाहिले, त्यांतील अनेकांचा माग जिवंत प्राण्यांच्या बाजारापर्यंत जातो. हे बाजार बंद करावेत किंवा निदान सुधारावेत, यासाठी एका देशाने दुसऱ्या देशावर व्यापाराच्या मार्गाने दबाव आणावा काय, आणला तर तो उपयोगी पडतो काय, आणि तो न्याय्य केव्हा ठरतो, या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय दूरदेशीचा वाटला, तरी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरपर्यंत तो येऊन पोहोचलेला आहे, हे पुढे दिसून येईल.

बाजारात रोग कसा वाढतो?

विषाणू हा स्वतःच्या बळावर जगू शकत नाही. त्याला कोणत्या तरी जिवाच्या पेशीत शिरावे लागते. रानात एखाद्या वटवाघळाच्या किंवा बदकाच्या शरीरात तो वर्षानुवर्षे राहतो आणि बहुधा त्या प्राण्याला फारसा त्रासही देत नाही. एका जातीच्या प्राण्यातून दुसऱ्या जातीत जाणे विषाणूला सहसा जमत नाही. परंतु बाजारात माणूस स्वतःच त्याला ही संधी मिळवून देतो.

असे पाहा. पिंजऱ्यांवर पिंजरे रचलेले असतात. वरच्या पिंजऱ्यातील विष्ठा खालच्या पिंजऱ्यात पडते. कोंबडी, बदक, लावा आणि काही देशांत रानटी प्राणीही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दूरच्या प्रवासाने, उपासमारीने व भीतीने प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. रोज काही प्राणी विकले जातात व नवे येतात. मात्र न विकलेले प्राणी तेथेच राहतात आणि आलेल्या नव्या प्राण्यांना रोग देतात. त्यामुळे बाजार कधीच रोगमुक्त होत नाही. शेवटी गिऱ्हाइकासमोर प्राणी कापला जातो, पिसे उपटली जातात, रक्त व विष्ठा हवेत आणि हातांवर उडते. यात सर्वांत आधी रोग जडतो तो कापणाऱ्याला, धुणाऱ्याला आणि पिंजरे वाहणाऱ्या मजुराला. सार्सच्या साथीत चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील अगदी सुरुवातीच्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक अन्नपदार्थ हाताळणारे कामगार होते. रोगाची पहिली किंमत नेहमी श्रमिकच मोजतो.

हाँगकाँगचा धडा

या विषयाचा सर्वांत चांगला अभ्यास हाँगकाँगमध्ये झाला, म्हणून तो जरा विस्ताराने पाहू.

मे १९९७ मध्ये तेथे एक तीन वर्षांचा मुलगा तापाने दगावला. त्याच्या शरीरात एच-५ एन-१ हा पक्ष्यांचा फ्लू आढळला. हा विषाणू थेट पक्ष्यातून माणसात येऊन माणूस मेल्याचे जगाला प्रथमच कळले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये आणखी रुग्ण निघाले. एकूण १८ जणांना रोग झाला व त्यांपैकी ६ जण मृत्यू पावले. आजारी पडण्यापूर्वीच्या आठवड्यात रुग्ण कोठे कोठे गेले होते याची चौकशी झाली, तेव्हा जिवंत कोंबड्यांच्या बाजाराशी आलेला संबंध ठळकपणे समोर आला. बाजारातील कोंबड्यांची तपासणी केली असता सुमारे पाचांत एक कोंबडी या विषाणूने बाधित असल्याचे दिसले. डिसेंबरअखेर सरकारने शहरातील सर्व कोंबड्या मारण्याचा निर्णय घेतला आणि काही दिवसांत १३ लाखांहून अधिक पक्षी नष्ट केले.

येथपर्यंत जे झाले ते कोणतेही सरकार करील. महत्त्वाचे पाऊल पुढचे आहे. हाँगकाँगला लागणाऱ्या जिवंत कोंबड्यांचा मोठा हिस्सा चीनच्या मुख्य भूमीवरून येत असे. ही आयात डिसेंबर १९९७ मध्ये थांबवण्यात आली व फेब्रुवारी १९९८ मध्ये ती अटींवर पुन्हा सुरू झाली. नोंदणी झालेल्या फार्मवरूनच माल घेतला जाईल, निर्यातीआधी कोंबड्या वेगळ्या ठेवून त्यांच्या रक्ताची तपासणी झाली पाहिजे आणि प्रत्येक खेपेबरोबर आरोग्याचा दाखला पाहिजे, अशा त्या अटी होत्या. म्हणजे गिऱ्हाइकाने दुकानदाराला सांगितले, ‘तुझा माल मी घेईन, पण माझ्या नियमाने.’ हाँगकाँगचे कायदे ग्वांगडाँगमधील शेतकऱ्यावर चालत नव्हते. परंतु हाँगकाँगची बाजारपेठ हवी असल्यामुळे त्या शेतकऱ्याने नियम पाळले. व्यापाराचा दबाव म्हणजे नेमके हेच होय.

त्याचबरोबर हाँगकाँगने स्वतःचे घरही सुधारले. बदके व हंस कोंबड्यांपासून वेगळे करून ते एका ठिकाणीच कापण्याची सक्ती १९९८ मध्ये झाली. २००१ पासून महिन्यातून एक दिवस सर्व गाळे रिकामे करून धुण्याचा, म्हणजे बाजाराच्या विश्रांतीचा दिवस पाळला जाऊ लागला. पुढे लावा पक्ष्यांची विक्री थांबली. २००८ पासून किरकोळ बाजारात जिवंत कोंबडी रात्रभर ठेवण्यास मनाई झाली. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे नमुने तपासून असे दाखवून दिले की, विश्रांतीच्या दिवसाने विषाणूंचे प्रमाण घटले आणि रात्री पक्षी न ठेवण्याच्या नियमाने ते आणखी घटले. ज्या विक्रेत्यांना धंदा सोडावयाचा होता, त्यांना परवाना परत करण्याबद्दल सरकारने पैसेही दिले. ही शेवटची गोष्ट आपण विसरता कामा नये.

येथे सम्राट अशोकाची आठवण होते. पाचव्या स्तंभलेखात अशोकाने अवध्य प्राण्यांची यादी दिली असून, ठरावीक तिथींना मासे मारू नयेत व विकू नयेत असा आदेश दिला आहे. त्यामागील हेतू करुणेचा होता, साथ रोखण्याचा नव्हता. परंतु राज्याने बाजाराला विश्रांतीचे दिवस नेमून द्यावेत, ही कल्पना आपल्या भूमीत बावीसशे वर्षांहून जुनी आहे, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

केवळ देशांतर्गत कायदा का अपुरा पडतो?

नोव्हेंबर २००२ मध्ये ग्वांगडाँगमध्ये सार्सची साथ सुरू झाली. ती २००३ च्या मध्यापर्यंत ८,०९८ लोकांना झाली व ७७४ लोक दगावले. शेंझेन शहरातील बाजारात विकल्या जाणाऱ्या उदमांजराच्या जातीच्या प्राण्यांत सार्ससारखा विषाणू मिळाला. प्राणी विकणाऱ्यांच्या रक्तातही त्याच्या खुणा सामान्य लोकांपेक्षा अधिक आढळल्या. चीनने रानटी प्राण्यांची विक्री थांबवली. मात्र साथ ओसरताच ऑगस्ट २००३ मध्ये बंदी उठली. जानेवारी २००४ मध्ये ग्वांगडाँगमध्ये पुन्हा रुग्ण सापडला, तेव्हा हजारो उदमांजरे मारण्यात आली. पुढे हा व्यापार परत वाढला. वूहान शहरातील बाजारांची पाहणी करणाऱ्या संशोधकांनी मे २०१७ ते नोव्हेंबर २०१९ या काळात ३८ जातींचे ४७ हजारांहून अधिक रानटी प्राणी विकले गेल्याची नोंद केली आहे. कोविड-१९ चा उगम नेमका कसा झाला याविषयी अद्याप वाद आहे. परंतु सुरुवातीच्या अनेक रुग्णांचा संबंध असलेला तेथील हुआनान बाजार १ जानेवारी २०२० रोजी बंद करावा लागला आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजी चीनने जमिनीवरील रानटी प्राणी खाण्यास व त्यासाठी विकण्यास बंदी घातली, हे तर खरेच आहे.

बंदी येते, साथ जाते, बंदी शिथिल होते, साथ पुन्हा येते, असा हा फेरा आहे. यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, बाजारावर हजारो कुटुंबांचे पोट असते. दुसरे, स्थानिक अधिकाऱ्यांना महसूल व रोजगार हवा असतो. तिसरे कारण असे की, साथीचे नुकसान साऱ्या जगाला होते, पण बाजार बंद केल्याचे नुकसान त्या एकाच जिल्ह्याला सोसावे लागते. अशा वेळी बाहेरच्या दबावावाचून आतला निर्धार टिकत नाही.

दबावाचे प्रकार व त्यांचा अनुभव

पहिला प्रकार, रोगट माल घेणे बंद करणे. सप्टेंबर १९९८ पासून मलेशियात डुकरे पाळणाऱ्यांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. प्रथम तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर समजला गेला व डास मारण्याची मोहीम निघाली. प्रत्यक्षात तो वटवाघळांतून डुकरांत व डुकरांतून माणसांत आलेला नवा विषाणू होता. सुंगाई निपाह या गावावरून त्याला निपाह हे नाव पडले. मलेशियात २६५ जणांना रोग झाला व १०५ जण दगावले. मार्च १९९९ मध्ये सिंगापूरच्या कत्तलखान्यातील ११ कामगारांना तो झाला व त्यांतील एक मरण पावला. सिंगापूरने तत्काळ मलेशियातील डुकरे घेणे थांबवले. त्यांच्या देशातील साथ तेथेच संपली. मलेशियाला दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली व सिंगापूरची बाजारपेठ गमवावी लागली.

या घटनेत एक कडू धडाही आहे. साथीची कुणकुण लागताच पेराक राज्यातील शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावाने डुकरे विकून टाकली. ती डुकरे दक्षिणेकडील गावांत गेली आणि रोगही तिकडे गेला. नुकसानभरपाईची खात्री नसेल, तर घाबरलेला माणूस रोगट जनावर लपवतो किंवा विकतो. दबाव आणणाऱ्याने हे गृहीतच धरले पाहिजे.

दुसरा प्रकार, एखाद्या व्यापारालाच दार बंद करणे. २००४ मध्ये ब्रुसेल्सच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात लपवलेले दोन गरुड सापडले व त्यांत एच-५ एन-१ निघाला. ऑक्टोबर २००५ मध्ये इंग्लंडमधील एका विलगीकरण केंद्रात आयात केलेल्या पक्ष्यांत तोच विषाणू आढळला. तेव्हा युरोपीय संघाने रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली व १ जुलै २००७ पासून ती कायमची बंद केली. त्या वेळी अशा पक्ष्यांचा सर्वांत मोठा खरेदीदार युरोपच होता. परिणाम असा झाला की, रानटी पक्ष्यांचा जागतिक व्यापार पूर्वीच्या सुमारे एक दशांशावर आला. मागणीच आटल्यामुळे पश्चिम आफ्रिकेत पकडणाऱ्याचा फासाही थंडावला. उरलेला व्यापार मात्र दुसऱ्या खंडांकडे वळला, हेही नमूद केले पाहिजे.

तिसरा प्रकार, एका गोष्टीसाठी दुसऱ्याच मालावर बंदी घालणे. हे उदाहरण रोगाचे नाही, वाघाचे आहे. आणि वाघ भारतातही मारले जात होते, म्हणून ते आपल्याशी निगडित आहे. तैवानमध्ये वाघाची हाडे व गेंड्याची शिंगे उघड विकली जात. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेने तैवानमधील वन्यजीवांपासून बनलेल्या मालाची आयात रोखण्याचे जाहीर केले. त्याची किंमत वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर होती. तैवानने त्याच वर्षी आपला वन्यजीव कायदा कडक केला आणि जून १९९५ मध्ये निर्बंध उठले. दबाव यशस्वी झाला, यात शंका नाही. परंतु त्याच आरोपाखाली चीनचेही नाव घेतले गेले होते आणि त्याच्यावर निर्बंध मात्र लादले गेले नाहीत. लहान देशाला शिक्षा व मोठ्याला समज, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

हा दबाव प्रत्यक्षात कसा चालतो, हे बँकेच्या टेबलावरून चांगले दिसते. परदेशी खरेदीदार आपल्या बँकेमार्फत लेटर ऑफ क्रेडिट उघडतो व त्यात कोणते कागद हवेत याची यादी देतो. बीजक, बिल ऑफ लेडिंग, मूळ देशाचा दाखला आणि प्राण्यांच्या मालासाठी पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्र. यांतील एक कागद कमी असला, तर बँक पैसे द्यायला नकार देऊ शकते. आयात करणाऱ्या देशाच्या एका ओळीच्या नियमाने निर्यातदाराची रक्कम अडकते आणि मग तो निर्यातदार आपल्या गावातील फार्म सुधारतो. पण याची दुसरी बाजूही आहे. बँक कागद पाहते, कोंबडी पाहत नाही. दाखला देणारा पशुवैद्य प्रामाणिक नसेल, तर सारी साखळी पोकळ ठरते.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. बाजारातील बहुसंख्य प्राणी त्याच देशात विकले व खाल्ले जातात. ते सीमा ओलांडतच नाहीत. त्यांच्यावर आयातबंदीचा थेट परिणाम होत नाही. तेथे त्या देशाची अब्रू, त्याचे पर्यटन किंवा त्याची इतर निर्यात यांच्याद्वारेच दबाव पोहोचतो. सार्सच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने २ एप्रिल २००३ रोजी हाँगकाँग व ग्वांगडाँगला जाणे टाळण्याचा सल्ला दिला. साथीची माहिती दडवल्याबद्दल त्याच महिन्यात चीनने आपल्या आरोग्यमंत्र्यांना व बीजिंगच्या महापौरांना पदावरून दूर केले. या निर्णयामागे अनेक कारणे असतील, पण जगात होणारी नाचक्की त्यांतील एक होतीच.

नियमांची चौकट आणि भारताचा अनुभव

कोणताही देश मनाला येईल तेव्हा दुसऱ्याचा माल अडवू लागला, तर रोगाचे नाव पुढे करून आपल्या उत्पादकांचे संरक्षण करण्याची सोयच होईल. म्हणून १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेबरोबरच आरोग्यविषयक उपायांचा एक करार अमलात आला. माणूस, प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्यासाठी आयात रोखण्याचा हक्क त्याने प्रत्येक देशाला दिला. मात्र उपायाला शास्त्रीय आधार हवा, धोक्याचे मूल्यमापन झालेले हवे, देशादेशांत भेदभाव नको, आणि एखाद्या भागातच रोग असेल तर संपूर्ण देशावर बंदी नको, अशा अटी घातल्या.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव झाला. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. माणसाला लागण झाली नाही, पण राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले आणि अनेक देशांनी भारतीय कोंबड्या व अंडी घेणे थांबवले. तमिळनाडूतील नमक्कल हे अंड्यांच्या निर्यातीचे मोठे केंद्र नवापूरपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. संपूर्ण देशावर बंदी आली म्हणजे इतक्या दूरच्या, रोगाशी संबंध नसलेल्या कामगारालाही झळ बसते.

पुढच्याच वर्षी भारत दुसऱ्या बाजूला उभा राहिला. बर्ड फ्लू असलेल्या देशांतून कोंबडीचे पदार्थ आणण्यास भारताने २००७ मध्ये बंदी घातली. सौम्य प्रकारचा फ्लू असला तरी बंदी, आणि एका भागात असला तरी संपूर्ण देशाला बंदी, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २०१४ मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला व जून २०१५ मध्ये अपिलातही मुख्यतः तोच कायम राहिला. आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार नाही, धोक्याचे मूल्यमापन नाही, आणि परदेशी मालासाठी जो कडकपणा दाखवला तो स्वतःच्या देशातील कोंबड्यांसाठी दाखवला नाही, असा त्याचा आशय होता. २०२३ मध्ये उभय देशांनी हा वाद आपसांत मिटवला. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी स्वतःचे अंगण झाडले पाहिजे, हाच यातला बोध होय.

हा बोध श्रीमंत देशांनाही लागू आहे. जिवंत प्राण्यांचा बाजार म्हटला की लोक चीनकडे बोट दाखवतात. परंतु कातडीसाठी पाळलेल्या मिंक प्राण्यांत कोविडचा विषाणू शिरल्यामुळे नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कने देशातील सर्व मिंक, म्हणजे दीड कोटींहून अधिक प्राणी, मारण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहर व परिसरातील जिवंत पक्ष्यांचे बाजार बर्ड फ्लूमुळे काही दिवस बंद ठेवावे लागले. विषाणू देशाचा दर्जा पाहत नाही.

दबाव आणि बहिष्कार

व्यापाराचा दबाव या शब्दाला आपल्या भाषेत एक जुना प्रतिशब्द आहे, तो म्हणजे बहिष्कार. आपल्या समाजाला तो पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे व गावकीची हलकी कामे सोडण्याचे आवाहन केले. माणुसकीच्या दर्जाचा तो प्रश्न होता. त्यानंतर आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, तेव्हा गावोगावी त्यांचे काम बंद झाले, दुकानातून वाणसामान मिळेनासे झाले, रस्ते अडवले गेले. सामाजिक बहिष्कार हे दुबळ्याविरुद्धचे किती भयंकर हत्यार आहे, हे बाबासाहेबांनी वारंवार मांडले आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

म्हणून आपण या विषयाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिले पाहिजे. ज्या घाणीत व रोगराईत माणसाला पोटासाठी राबावे लागते, ती दूर झालीच पाहिजे, हा महाडचाच विचार आहे. पण ती दूर करण्याच्या नावाखाली गरिबाचे पोट मारले जाऊ नये आणि एखाद्या समाजाच्या ताटातील अन्नाला अपवित्र ठरवण्याचे निमित्त कोणाला मिळू नये, हाही महाडचाच विचार आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे ते समजावतात. प्रस्तुत लेख मांसाहाराविरुद्ध नाही. कोंबडी खावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ती रोगट पिंजऱ्यात ठेवून, उघड्यावर कापून विकावी की नाही, हा मात्र सर्वांचा प्रश्न आहे.

अन्याय्य दबावाचा आणखी एक दुष्परिणाम अलीकडेच दिसला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोविडच्या ओमायक्रॉन प्रकाराची माहिती जगाला तत्परतेने दिली. त्याबद्दल आभार मानण्याऐवजी अनेक देशांनी त्यांची विमाने बंद केली. खरे सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी कोण खरे सांगेल?

न्याय्य दबावाच्या कसोट्या

वरील सर्व अनुभवांवरून पुढील कसोट्या काढता येतात.

१) दबाव एखाद्या देशावर किंवा जातीसमूहावर नसावा, तर विशिष्ट धोकादायक पद्धतीवर असावा. एप्रिल २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी सर्व बाजार बंद करा असे म्हटले नाही. रानातून पकडलेल्या जिवंत सस्तन प्राण्यांची अन्नबाजारातील विक्री थांबवा, असे नेमके आवाहन केले.

२) त्याला शास्त्रीय पुरावा असावा व तो सर्वांसमोर मांडलेला असावा.

३) जो नियम दुसऱ्याला, तोच स्वतःला व तोच बलाढ्य देशाला लावावा.

४) परतीची वाट असावी. काय सुधारले म्हणजे बंदी उठेल, हे आधीच सांगितलेले असावे. हाँगकाँगच्या अटी यशस्वी झाल्या त्या यामुळेच.

५) रोगाची खबर देणाऱ्याला शिक्षा नव्हे, मदत मिळावी.

६) ज्यांचा धंदा जाईल त्यांना भरपाई व दुसरे काम मिळावे. २०२० च्या बंदीनंतर चीनमधील हूनान व जिआंग्शी प्रांतांनी रानटी प्राणी पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी भरपाईची योजना जाहीर केली. श्रीमंत आयातदार देशांनीही या खर्चाचा वाटा उचलावयास हवा, कारण सुरक्षिततेचा लाभ त्यांनाही होतो.

या कसोट्यांना उतरणारा दबाव हा बहिष्कार ठरत नाही. तो करार ठरतो.

आपले कर्तव्य

आपण कोणत्या देशावर निर्बंध लादू शकत नाही. परंतु प्रत्येक गिऱ्हाईक हा लहानसा आयातदारच असतो. चिकन घेताना दुकान परवानाधारक आहे काय, पिंजरे धुतलेले आहेत काय, कापणाऱ्याच्या हातात मोजे आहेत काय, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. ते विचारताना दुकानदाराचा अपमान होऊ नये, कारण बहुधा तोही आपल्यासारखाच कष्टकरी असतो. नगरपालिकेने आठवडी बाजारात पाणी, गटार, ओटे व विश्रांतीचा दिवस यांची सोय करावी, अशी मागणी संस्थेच्या वतीने निवेदनाद्वारे करता येईल. आपल्या सभासदांपैकी ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन शिबिर घेता येईल आणि दुसऱ्या धंद्याकडे वळू इच्छिणाऱ्यांना बँकेच्या कर्जयोजनांची माहिती देता येईल. रानातील पक्षी पिंजऱ्यात ठेवणे, विकणे वा विकत घेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे मुलांना शाळेतच सांगितले पाहिजे. जत्रेतला पोपट विकत घेऊन सोडून देण्यानेही पकडणाऱ्याचा धंदाच चालतो.

विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा या विषयांकडे आपल्या मुलामुलींनी वळावे. बाजारात काम करणाऱ्या माणसाचे जिणे ज्याने जवळून पाहिले आहे, असा कोणी तरी नियम करणाऱ्यांच्या टेबलावर बसला पाहिजे. तो बसला, तर उद्याची साथ रोखताना दाखल्यावरची सही आणि पिंजरा उचलणारा हात, या दोन्हींचा विचार होईल.